तिसऱ्या गाण्याआधीची हाळी

...आन् टाळ्या कवा वाजवायच्या, त्ये बी कागदावर लिहून दिल्यालं! सांगा आता! माणूस टाळी वाजवतं ते आवडलं म्हणून, का कागदात आलं म्हणून? "पहिलं गाणं संपलं की टाळ्या, मग डाव्या अंगानं दोन शिट्ट्या, मग एका बाईचं हसू, मग खोकला..." खोकला बी कागदावर! आमच्या केंदूरच्या भजनी मंडळातली बावीस माणसं पिकअपात दाटीवाटीनं उभी राहून पार दौंडला जायची, आन् कशाला? तर खोकायला! तुम्हाला सांगते, सून म्हणून ह्या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली, पण असलं याड मी बघितलं न्हवतं.

थांबा, पहिल्यापासनं सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल सविता काय बी बोलती. आमचं ह्ये, विश्वजीत, रांजणगावला कंपनीत हायेत. त्येंच्या लायनीवरचा सुपरवायझर रविराज, गाव दौंड, आठवडाभर कारेगावात रूम घेऊन ऱ्हातो. त्याचं वडील शांतवनकाका. रेल्वेत गार्ड होतं, आता चौऱ्याहत्तरीला आलेत. ख्रिश्चन माणसं, दर रविवारी चर्चला जाणारी, शांत, सरळ. आन् ह्या शांत माणसाकडं एक कॅसेट! अमेरिकेतला कुठला तरी बँड, मोठ्ठ्या मैदानात हजारो लोकांम्होरं येशूची गाणी म्हणतोय. गाणी भक्तीची, पण गिटार आन् ड्रम असलं की गोठ्याचा पत्रा हालावा! लोकांम्होरंच भरल्याली, म्हणून लोकांच्या टाळ्या, शिट्ट्या समदं त्यात. काका ही कॅसेट चाळीस वर्षं ऐकत्यात. चाळीस! पट्टी तुटली, चिकटवली. झिजली, दुसऱ्या कॅसेटीत उतरवली. ती झिजली, मोबाईलात घेतली. मी ह्येंना इचारलं, "अवो, पण हाय तरी काय त्यात?" ह्ये म्हणालं, "मला काय म्हाईत, मी डबा खाताना ऐकली, डबा गार झाला."

तर चर्चमधल्या पोरापोरींनी ठरवलं, काकांसाठी ही अख्खी कॅसेट स्टेजवर वाजवायची. काकांची नात एस्तर ड्रमवर. काका खुश, पण त्येंनी एक अट घातली. "बँडचा भाग तुम्ही वाजवाल, पण लोकांचा भाग कोण करणार? तोही जसाच्या तसा पाहिजे. आमची मंडळी फार शिस्तीची, खोकतसुद्धा नाहीत." मग रविराजचा फोन ह्येंना, "विश्वजीत, वीस-पंचवीस माणसं मिळतील का, जरा मोकळी?" आन् ह्यांनी तोंड उघडून सांगितलं, "आमच्या गावात मोकळीच हायेत समदी!"

आता आमचं मामंजी, हौसराव, त्या मंडळात असून नसल्यागत. त्येचं असं झाल्यालं, की मामंजींचं बालपण मेंढरामागं गेलं. ह्या टेकडीवरनं हाळी दिली तर त्या टेकडीवरचं कुत्रं माघारी फिरायचं, असला आवाज. भजनाला माईक न्हवता तोवर ठीक. माईक आला, आन् मंडळाचं म्होरके हनुमंतबुवा म्हणालं, "आप्पा, तुम्ही जरा मागं बसा." मग म्हणालं, "जरा दाराशी बसा." मग एक दिवस म्हणालं, "आप्पा, तुम्ही बाहेरच बसा की, वारं बी चांगलं हाय." त्या दिवसापासनं मामंजी भजनाला गेलं न्हाईत. पण गुरुवारी तिकडं भजन चालू झालं, की इकडं मामंजी कडबाकुट्टी चालू करायचं. चारा असो का नसो. नुसतीच घर्रर्र फिरायची... मी काय समजायचं ते समजायची, आन् भाकरी थापायची.

पिकअपात एक जागा ऱ्हायली म्हणून मामंजी गेलं, नुसतं बसायला. आन् तिथं दौंडात काय, तर घोळ पडल्याला! कॅसेटीत तिसऱ्या गाण्याआधी समदी वाद्यं थांबत्यात. एकदम चिडीचूप. आन् त्या गर्दीतनं कुणी तरी एक हाळी देतंय, लांऽऽब, उंच, मग झांजेगत एक 'ठण्ण', आन् मग ड्रम अंगावर येत्यात. काका म्हणायचं, "या हाकेवर सगळी कॅसेट उभी आहे." आन् ती हाक कुणालाच जमंना! एका पोरानं दिली ती भेळवाल्यागत. दुसऱ्याची निम्म्यात फाटली. मामंजी मागनं म्हणालं, "मी बघू का?" आन् दिली! चर्चच्या छपरावरली पारवं उडाली, बाहेर रिक्षावाला थांबून आत डोकावला. शांतवनकाकांनी मामंजींचा हात धरला. "हौसराव, चाळीस वर्षं तुम्ही होतात कुठं?"

मामंजी म्हणालं, "मेंढरामागं."

झालं! त्या दिवशी मामंजी घरी आलं ते पायरी चढताना दोन इंच उंच होऊन. पण मामंजींचा एक सोभाव हाय, कळल्याबिगर करायचं न्हाई. चूळ भरता भरता त्येंच्या डोस्क्यात आलं, की त्यो माणूस म्हणतोय तरी काय? लावला काकांना फोन. काका म्हणालं, "इंग्रजी आहे. मला वाटतं, ग्लोरी म्हणतोय."

"वाटतं? चाळीस वर्षं ऐकताय आन् नुसतं वाटतं?"

"अहो, पण अर्थ कशाला हवा तुम्हाला?"

"काका, मेंढराला हाळी येगळी, कुत्र्याला येगळी, वाट चुकल्याल्या माणसाला येगळी. कुणाला आन् कशाला, ते कळल्याबिगर तोंड कसं उघडू?"

मग काय, ह्येंचा जुना मोबाईल मामंजींच्या कोपरीच्या खिशात, आन् गोठ्यात दिवसभर ती कॅसेट. धारा काढताना कॅसेट, शेण भरताना कॅसेट. आमची जर्सी गाय टाळ्या ऐकल्या की दुधाला उभी ऱ्हायला लागली! जो दारात येईल त्याला धरून मामंजी ऐकवायचं. शाळेतलं मास्तर आलं, डोळं मिटून ऐकलं आन् म्हणालं, "वन मोर. आणखी एक म्हणा, असं म्हणतोय." दौंडच्या चर्चचं पाळक फोनवर म्हणालं, "हालेलूया आहे, पहिलं अक्षर गर्दीत गेलं." पिकअपचा ड्रायव्हर सणसवाडीचा, मूळचा बिहारचा, त्यो म्हणतो, "चाचा, ये तो साफ साफ 'चालान' बोल रहा है!" बिचाऱ्याला त्याच हप्त्यात दोन चलानं बसल्याली. आमच्या सासूबाईंनी, साळूबाईंनी, लसूण सोलता सोलता एकदाच ऐकलं आन् म्हणाल्या, "कुणी तरी कुणाला तरी घरातनं बाहीर बोलवतंय." त्येंचं कोण ऐकतंय! आन् मला इचारलं, तर मला हाळीपेक्षा त्यो 'ठण्ण'च जास्ती ऐकू यायचा. मी म्हणलं, "मामंजी, भांडं आपटल्यागत वाजतंय." मामंजी खवळलं. "झांज हाय ती! एस्तर तीन हप्तं त्यो एक ठण्ण बसवतीया, आन् तुला भांडं सुचतंय!"

पण खरं सांगू? चिडचिड करता करता मी बी ऐकायला लागले. मला त्यातलं एक अक्षर कळत न्हाई. पण चौथ्या गाण्यात त्या गाणाऱ्याचा दम संपतो. खराच संपतो, मधीच थांबतो... आन् ती हजारो माणसं त्येच्यासाठी गाणं पुढं न्हेत्यात. दर बारीला तिथं माझा झाडू थांबायचा. म्हाईत असायचं, आता थांबणार, आता लोक धरणार, तरी थांबायचा. सांगा, हाय तरी काय त्यात?

शेवटच्या प्रॅक्टिसला मी बी गेले. चर्चचा हॉल, मोठमोठे स्पीकर लावल्याले. काकांच्या मालकीण, मार्थाबाई, पलीकडच्या खोलीत समद्यांसाठी चहा करत होत्या. आन् एस्तर मोबाईल घेऊन पुढं आली, तोंड पांढरंफटक. "आजोबा, मला काल इंटरनेटवर ओरिजिनल सापडलं. सगळं सेम आहे. पण... ते ओरडणं नाहीये त्यात. तो ठण्ण पण नाहीये."

तिनं लावून दाखवलं. वाद्यं थांबली. चिडीचूप. आन् सरळ ड्रम! हाळी न्हाईच!

काका खाली बसलं. "दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम असेल तो," म्हणालं, पण आवाजात जीव न्हवता. बँडमधला एक पोरगा हळूच म्हणाला, "मग ते ओरडणं काढू या ना. खऱ्यात जे आहे तेच करू." कुणी मामंजींकडं बघंना. मामंजींनी काय केलं, तर उठलं, टोपी नीट केली आन् दाराशी जाऊन बसलं. कुणी सांगितलं न्हाई, आपणहून. तुम्हाला सांगते, त्या दाराशी बसण्याची मला वळख होती.

तेवढ्यात काका म्हणालं, "एस्तर, आपली कॅसेट एकदा लाव. मोठ्यावर लाव." आजवर समद्यांनी ती मोबाईलावर न्हाई तर काकांच्या हेडफोनात ऐकल्याली. आता ह्या एवढ्याल्या स्पीकरातनं... वाद्यं थांबली, आन् ती हाळी आली, मग ठण्ण. दारातनं मामंजी ताडकन् उठलं.

"काका! पाणी आलं!"

"काय?"

"इंग्रजी न्हाई वो! 'पाणी आऽऽलं' म्हणतंय! आन् मागं बादली!"

पोरं खो-खो हसायला लागली. आन् पलीकडच्या खोलीतनं मार्थाबाई चहाची किटली घेऊन दारात. "अहो, माझा आवाज कशाला लावलाय एवढा मोठ्यानं?"

हसू बंद! समदी त्या बाईकडं बघायला लागली. मग हळूहळू उलगडलं. चाळीस वर्षांमागं रेल्वे क्वार्टरात शेजारी एक इंजिन ड्रायव्हर ऱ्हायचे. त्या गाण्यांची मूळ तबकडी त्येंची. ते कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी काकांनी तबकडी लावून म्होरं टेपरेकॉर्डर ठेवला आन् उतरवून घेतली. उन्हाळा, खिडकी उघडी. आन् खिडकीखाली कॉलनीचा नळ!

"चार दिवसांनी पाणी आलं होतं," मार्थाबाई म्हणाल्या. "बादल्या घेऊन या म्हणून घसा फोडला मी. हे टेपपुढून हलले नाहीत. नवी नवरी होते, काही बोलले नाही."

"मार्था, पण एवढी वर्षं तू कधी बोलली नाहीस..."

"हेडफोन लावून डोळे मिटून बसता तुम्ही. तुमच्या कानात कोण आहे, मला काय माहीत?"

चाळीस वर्षं ज्या हाकेला हात जोडलं, ती बायकोची, आन् घरचीच! एस्तर आपल्या झांजेकडं बघत बसल्याली. मला वाटलं, आता ह्यो माणूस रडणार. पण काका हसायला लागलं, डोळ्यांतनं पाणी येस्तोवर. म्हणालं, "खऱ्यात काय आहे ते अमेरिकेत राहू द्या. मी ऐकली ती ही. हीच वाजेल. मार्था, तूच दे हाक."

"मी? मुळीच नाही! एकदा दिली, तेव्हा कोण उठलं?"

मग काका दाराकडं वळलं. "हौसराव, आत या. आता कळलं ना, कुणाला आणि कशाला?"

रविवारी चार वाजता चर्चच्या आवारात कार्यक्रम. तीनशे खुर्च्या, आसपासच्या गल्ल्यांतनं माणूस लोटल्यालं. आमची मंडळी कागदाबरहुकूम खोकली. हनुमंतबुवांनी दोन शिट्ट्या अशा मारल्या की मला त्येंचा राग धरवंना. आन् तिसऱ्या गाण्याआधी वाद्यं थांबली. चिडीचूप. मामंजी हुबं ऱ्हायलं, हात तोंडाशी न्हेला, आन् इतक्या वर्षांचं साठल्यालं समदं बाहीर काढलं...

"पाणी आऽऽऽऽलंऽऽ!"

ठण्ण! ड्रम! माझ्या अंगावर काटा. मला वाटलं, आता कळलं, हाय काय त्यात ते...

आन् मागनं एकदम खुर्च्यांचा खडखडाट! पाइपाचं काम चालू असल्यानं त्या भागात तीन दिवस पाणी न्हवतं वो! निम्म्या बाया उठल्या, पदर खोचला आन् फाटकाबाहीर! मागनं पोरं, पोरांमागनं म्हातारी. तीनशेतलं शंभर बी ऱ्हायलं न्हाई. स्टेजवर चौथं गाणं सुरू, गाणारा पोरगा ठरल्याप्रमाणं दम संपल्यागत थांबला, लोकांनी गाणं पुढं न्ह्यायचं... लोकच न्हाईत! पहिल्या रांगेत काका आन् मार्थाबाई दोघंच गातायत.

मामंजी मात्र खुर्चीवर ताठ. कार्यक्रम झाल्यावर पिकअपात बसताना मला म्हणालं, "सविता, आवाज पोचला म्हणायचा!"

पोचला, मामंजी, लई लांब पोचला. आन् मी? मी त्या फाटकाशी हुबी होते ना बघत. एका बाईनं जाता जाता मोकळी घागर हातात देऊन मला नळाच्या लायनीत हुबं केलं, आन् अर्धा तास झाल्यावर कळलं... नळ कोरडाच!