टेकडीवर न घेतलेलं नाव

नाव ओरिनबाय कोशानोव, वय ५४ वर्षे, धंदा वाळवंटात वाटाड्या, राहणार अक्कुदुक, मांगिस्ताऊ.

मी आज सोमवारी दुपारी दोन वाजता चौकीत स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी बावीस वर्षे लोकांना पांढऱ्या कड्यांच्या वाटांवर चालवतो. माझ्याकडे तीन वाटा आहेत. छोटी कड्याच्या माथ्यावरून, दोन किलोमीटर, सपाट. मधली पहिल्या उतारापर्यंत जाऊन परत. लांब वाट खाली खारट मैदानात उतरते, तेरा किलोमीटर, आणि तिची चढण शेवटी येते, माणूस दमल्यावर. किती चालाल, असं मी कोणाला विचारत नाही. विचारलं की सगळेच पैलवान असतात.

माझी रीत अशी की, घरामागे खडूची टेकडी आहे. आलेल्या माणसाला चहाआधी तिच्यावर चढवतो आणि वर पोचताच आडनावासकट पूर्ण नाव मोठ्याने सांगायला लावतो. एका दमात सांगेल त्याला लांब वाट. एकदा थांबला तर मधली. जास्त थांबला तर छोटी. ही रीत आजवर चुकली नव्हती.

शनिवारी सकाळी साडेसातला तोलेगेनआगा, वय ६८, जन्मभर उंट राखलेले, त्यांचा मुलगा कुआनिश आणि सून अक्मारल असे तिघे आले. आगांनी आपलं नाव आणि मी न विचारता वर सात पिढ्यांची नावं एका दमात सांगितली. कुआनिश नाव सांगताना तीनदा थांबला. आगा म्हणाले, "बापाचं नाव घेताना धाप लागते, मटण खाताना बरी लागत नाही!" त्याला छोटी वाट दिली.

अक्मारल सर्वांत शेवटी वर आली. मी नाव विचारलं. ती खाली बघत उभी राहिली. तिचं आडनाव तोलेगेनोवा, त्यात सासऱ्याचं नाव आहे. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. हे मला ठाऊक होतं, माझ्या घरातही सून आहे. आगा म्हणाले, "तिला कशाला छळतोस? लिही, अक्मारल तोलेगेनोवा!" एका दमात. आम्ही हसलो. मी म्हणालो, "शाबास सूनबाई, लांब वाट!" आणि वहीत तसं लिहिलं.

कुआनिश म्हणाला, "बाबा, ती जरा..." आगा म्हणाले, "तू गप. तू आपल्या छोट्या वाटेने जा." तो छोट्या वाटेला लागला.

दम सासऱ्याचा मोजला आणि वाट सुनेला दिली, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. याची मला लाज वाटते.

थोरला माणूस पुढे चालतो, म्हणून आगा पुढे, मध्ये मी आणि मागे ती. आगांची चाल उंटाची. पावणेबाराला चढणीच्या पायथ्याशी मी मागे वळून पाहिलं, ती दिसली नाही. मागे गेलो तेव्हा एका दगडाच्या सावलीत सापडली. ओठ निळे पडले होते. खोकल्याचा आवाज पुढे सासऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून तिने रुमाल तोंडात कोंबला होता. मी म्हणालो, "पोरी, हाक मारायची नाही का?" तिने मान हलवली, बोलता येत नव्हतं.

आगा आणि मी तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन चढलो. गाडीपाशी पोचेपर्यंत दोन वाजून दहा मिनिटं झाली. तिथे कुआनिशने रडत सांगितलं की, मार्चपर्यंत तिला क्षयाची औषधं चालू होती. आगा म्हणाले, "डॉक्टर म्हणाला बरी झाली. बरी झाल्यावर गावभर सांगायचं कशाला?" तिथून आम्ही तिला थेट दवाखान्यात नेलं.

तिने लांब वाटेला नकार दिला होता का, असं विचारल्यावरून सांगतो की, नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

काल रविवारी मी तिला बघायला गेलो. ती वाचेल, पण एक फुफ्फुस कामातून गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नर्स कागद घेऊन आली आणि म्हणाली, "तुझं पूर्ण नाव तूच सांग, शुद्ध आहे का बघायचंय." आगा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. अक्मारल गप्प राहिली. नर्सने पुन्हा विचारलं. आगांनी टोपी डोक्यावर घातली, बाहेर गेले, दार ओढून घेतलं. त्यांची पावलं जिन्यापर्यंत गेलेली आम्हाला ऐकू आली.

मग तिने नाव सांगितलं. मी बोटांवर मोजलं. चार वेळा थांबली. शनिवारी टेकडीवर किती वेळा थांबली असती, ते आता कळायचं नाही. दोनदा थांबली असती तर छोटी वाट मिळाली असती, नवऱ्याबरोबर.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, काही गाळलेलं नाही. खाली पूर्ण नावाने सही करतो.