कपाटातल्या बावीस कात्र्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमचे मुख्याध्यापक सर, माझ्या सहकारी शिक्षिका, आणि बालवर्गाच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले पालकहो,

माझ्या निरोपासाठी आपण वेळात वेळ काढून आलात, बरं वाटलं. अध्यक्षांनी आत्ताच मागच्या भिंतीवरच्या चौकोन-त्रिकोणांचं कौतुक केलं. एवढ्याशा हातांनी किती सुबक कापलंय, म्हणाले. राग मानू नका, पण त्यातला एकही आकार मुलांनी कापलेला नाही. ते छापखान्यातून कापून येतात. मुलं फक्त डिंक लावतात, तोही आखून दिलेल्या जागी.

छत्तीस वर्षं मी आकार शिकवले ते पुठ्ठा, कात्री आणि रद्दी कागदावर. घडी घालायची, कापायचं, उलगडून बघायचं. चौकोन समोरासमोरच्या कोपऱ्याला कोपरा लावून दुमडला की त्रिकोण होतो, हे मुलांना सांगावं लागत नाही. तीच येऊन सांगतात, "बाई, हा आत लपला होता." वर्गाचा उकिरडा व्हायचा, मान्य. शिपाईमामा माझ्या नावानं बोटं मोडायचे, तेही मान्य.

दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात एका पाहुण्यांनी एक वेडावाकडा गोल उचलून विचारलं, "हा बटाटा का?" सगळे हसले. तो कापणारी मुलगी शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गातल्या बावीसच्या बावीस कात्र्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या आणि छापील आकार मागवले. आणि मी काय केलं? मान डोलावली. निवृत्ती जवळ आलीय, कशाला वाईटपणा घ्या, म्हटलं. त्याची मला लाज वाटते.

मागच्या सोमवारी मी वर्गात पुठ्ठ्याचा चौकोन धरला. सगळ्यांनी ओळखला. मग तोच जरा फिरवून कोपऱ्यावर उभा केला. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आता तो चौकोन नाही." बाकीच्यांनीही माना हलवल्या. का गं, मी विचारलं. "भिंतीवर असा नसतो, बाई."

ऐकलंत? चौकोन हातात घेऊन फिरवायलाच मिळाला नाही, तर पोरांनी ओळखावा कसा? आणि आपण भिंतीकडे बघून टाळ्या वाजवतो. संताप येतो मला. तुमचा येतो, त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

सर, निरोपाची भेट म्हणून आणलेलं हे घड्याळ राहू द्या. त्या कपाटाची किल्ली आपल्या खिशात असते, सगळ्यांना ठाऊक आहे. उद्यापासून माझा वर्ग घेणाऱ्या या ताई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. किल्ली त्यांना द्या. आत्ता, सगळ्यांसमोर. तोवर मी माइक सोडणार नाही.

दिलीत किल्ली, सर; आता माइक सोडते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. उणाअधिक शब्द गेला असेल तर तो माझ्या खाती लावा. त्याचा राग मुलांवर काढू नका.