पुनवेचा खेकडा

“हौसाबाई, औषध घातलंय, डोळे उघडू नका,” असं बजावून नर्स आत गेली. डोंबिवलीच्या त्या दवाखान्यात समोरच्या बाकावर ऐश्वर्या नंबराची वाट बघत बसली होती. हौसाबाई मिटल्या डोळ्यांनीच शेजारच्या बाईंशी बोलू लागल्या.

“माजी नात सान्वी. तिच्या वर्गात आता मोबाइलवर तक्ते बनवतात. अ‍ॅप हाय तसलं, चित्रं उचलायची नि ठेवायची. पोरीनं आपल्या खाडीचा बनवला.”

“खाडीचा कसला तक्ता?”

“चंद्राची रांग. पुनवेला, अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हंजी पानी कमी चढतं. नि दर चंद्राखाली त्या दिवसाची मासळी. घरी मला दाखवला.”

“वाचता येतं तुम्हाला?”

“अक्षर नाय येत. पण चित्रं होती ना. म्हटलं, अगं, पुनवेखाली भरलेला खेकडा ठेवलास? पुनवेला खेकडा पोकळ, आत मांस नसतं. भरतो तो अवसेला.”

ऐश्वर्यानं हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला.

“मग?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“तिनं बोटानं खेकडा उचलला नि अवसेखाली नेला. शाळेत तिनं सांगितलं, आधी खेकडा चुकला होता. बाईंनी विचारलं, चूक कुणी काढली. आता तक्ता छापून वर्गाच्या दारावर लावलाय. खाली लिवलंय, बनवणारी सान्वी, तपासणारी हौसाबाई.”

“पण तुम्हाला तर वाचता येत नाही.”

“माजं तेवढं एक नाव येतं आता. सान्वीनं शिकवलं. तेच नीट दिसंना, म्हणून तर आले इथं.”