आडनाव दत्तक

मंडळी, आज दत्ताच्या देवळात बसलोय, म्हणून आधी एकच विचारतो. दत्त म्हणजे काय? दिलेला! देवानं स्वतःला देऊन टाकलं, म्हणून दत्त. त्याच्यापुढे आपण नाक घासतो. आणि त्याच शब्दाला एक 'क' चिकटला, दत्तक झाला, की आपली मान वाकडी का होते? मूल आपलं केव्हा होतं हो? कागदावर सही झाली की? की आणखी काही करावं लागतं?

हल्ली तर हा शब्द फार स्वस्त झालाय. पुढारी गाव दत्तक घेतो, वेशीवर फलक. शेटजी झाड दत्तक घेतो, बुंध्याला फलक. झाडाचं बरं आहे, त्याला वाचता येत नाही. पोरांना येतं!

तर ऐका. कीर्तनाला उभा राहायच्या आधी मी एका गावात शाळामास्तर होतो. त्या गावात गोदाक्का कासारीण. बांगड्या भरण्यात हात इतका हलका, की बाईला कळायचं नाही हातात डझनभर चढल्या कधी. नवरा महादबा साधा माणूस. लग्नाला चौदा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मग दोघं शहरातल्या आश्रमात गेली, रीतसर कागद केले आणि सात महिन्यांची पोर घेऊन आली. नाव ठेवलं सगुणा.

गोदाक्कानं तिला काही कमी केलं नाही, हे आधी सांगतो. दूध, दुपटी, औषधपाणी, दृष्ट काढणं — सगळं. पण बांगड्या भरायला आलेली बाई विचारायची, "पोरगी कुणावर गेली हो अक्का?" आणि अक्का सांगायची, "आमची दत्तक आहे ती." लगेच ती बाई म्हणायची, "केवढं मोठं मन तुमचं!"

मंडळी, इथं घोटाळा झाला. ते 'मोठं मन' गोड लागलं. मग न विचारताही सांगणं सुरू. ही आमची दत्तक. दत्तक जेवली का? दत्तकला ताप आलाय. मी एकदा म्हटलं, अक्का, कशाला दरवेळी? तर म्हणते, "मास्तर, खोटं कशाला बोलू? देव बघतोय." देव बघत होता खरा. पोर ऐकत होती.

पहिलीत नाव घालायला सगुणा आली. मी विचारलं, "नाव काय बाळ?"

"सगुणा."

"आडनाव?"

"दत्तक."

हसलात? सगळा वर्ग हसला. मीही हसलो! मास्तरनं अशा वेळी हसायचं नसतं, पोरीला जवळ घ्यायचं असतं. मी हसलो आणि वहीत 'कासार' लिहून मोकळा झालो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पोर मोठी झाली. गुणी, कमी बोलणारी. बघायला पाहुणे आले. सगुणा पोह्यांचं ताट घेऊन उभी, आणि गोदाक्का म्हणाली, "आधीच सांगितलेलं बरं, पोरगी दत्तक आहे." अहो, पाहुण्यांना ते ठाऊक होतं! स्थळ आणणाऱ्यानं सांगितलं होतं. पण हिच्या जिभेला वळणच पडलं होतं ना. माणसं भली होती, लग्न झालं.

वर्षभरात सगुणाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. गोदाक्कानं जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले, माजघर सारवून घेतलं. आणि सगुणाचा निरोप आला, "मी इथंच राहते. सासूबाई करतायत सगळं." अक्काला वाटलं, असेल काही अडचण. बाळ झाल्याचं कळलं, आणि बाराव्या दिवशी बोचकं घेऊन ती एसटीनं लेकीच्या सासरी गेली.

बारशाला बाया जमलेल्या. सगुणाच्या मांडीवर बाळ. दारात गोदाक्काला बघून शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्या कोण गं?"

सगुणा म्हणाली, "ह्या माझ्या दत्तक आई."

राग नाही, टोमणा नाही. सहज, जशी ओळख करून देतात तशी.

बाया पांगल्यावर अक्कानं विचारलं, "सगू, असं का गं म्हणालीस?"

"काय चुकलं, आई? तू असंच सांगतेस ना. मला वाटलं, आपल्याबद्दल असंच सांगायचं असतं."

परत आल्यावर गोदाक्का माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "मास्तर, वीस वर्षं मी तो शब्द तिला ऐकवला. मला एकदाच ऐकावा लागला, तर घास उतरेना. मी लेकीला नाव ठेवायला घेऊन आले आणि नावं ठेवत बसले."

मी म्हटलं, "अक्का, तिच्याशी बोललीस?"

"बोलले. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हणाली, जाऊ दे, आई."

"मग झालं तर. आई म्हणते ना?"

"म्हणते. पण म्हणायच्या आधी इवलंसं थांबते. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळतं."

गोदाक्का गेली, मंडळी, चार वर्षांपूर्वी. शेवटपर्यंत लेकीनं सेवा केली, आणि शेवटपर्यंत 'आई' म्हणायच्या आधी ती थांबत राहिली.

आता माना खाली घालू नका, आपापल्या घरात बघा. दत्तकच कशाला? सावत्र, मोलकरणीची, पहिल्या बायकोची, पदरात घेतलेली — उपकाराचा फलक गळ्यात अडकवलेलं कुणी आहे का तुमच्याकडे? सत्य सांगा, जरूर सांगा, पोराला मांडीवर घेऊन एकदा नीट सांगा. पण चारचौघांत हाक मारताना नुसतं नाव घ्या.

आज जयघोष लगेच नको. टाळ खाली ठेवा. जिला किंवा ज्याला अशी हाक मारलीत, ते माणूस याच देवळात बसलं असेल, तर उठा, त्याच्याशेजारी जाऊन बसा. मी थांबतो. देवही थांबेल. ते माणूस किती दिवस थांबेल, हे मात्र मला सांगता येणार नाही.