कॉमर्समधून समोरच्या इमारतीत

—नाही हो मॅडम, नापासबिपास नाही झाली ती, चांगली हुशार आहे! भुवई ताणून धरा, हं, अस्सं — दोरा फिरतोय तोवर तुम्ही बोलू नका, मीच बोलते. कॉमर्समध्ये वर्ष काढलं लेकीनं आणि आता म्हणते, आई, मला राज्यशास्त्र विभागात जायचंय. विद्यापीठ तेच, फाटक तेच, फक्त समोरची इमारत. तुम्ही तिथे लायब्ररीत आहात, तुम्हाला काय सांगायचं — होते म्हणे अशी बदली, मार्क असले की. तिला आहेत. मग अडलंय कुठे? माझ्यापाशी अडलंय. ‘तू हो म्हणालीस तरच जाईन,’ म्हणते. आज शेवटचा दिवस, ऑफिसबाहेर बसलीय माझ्या उत्तराची वाट बघत, आणि मी इथे पार्लरमध्ये तुमच्या भुवया करतेय.

दुखलं? सॉरी हं. — त्या इमारतीत तिचे बाबा शिकवतात. माहीतच असेल तुम्हाला, सगळ्या विद्यापीठाला माहीत आहे, आम्हाला सोडून कुणाबरोबर राहतात तेसुद्धा. आमच्याकडे ना, सकाळी पेपर आला की बापलेकीची जुंपायची — हे सरकार पडणार, नाही पडणार — चहा गार व्हायचा, मी ओरडायचे, अहो, आंघोळीला जा आधी! ते गेले आणि घर खायला उठलं. मग मीच पेपर वाचायला लागले, खरंच, चष्मा लावून, अग्रलेखसुद्धा. एकदा म्हटलं, काय गं, टिकेल का हे सरकार? तर हसली नाही, चिडली नाही, नुसतं म्हणाली, ‘आई, तू नको ना.’

मग मला सांगा, विषय आवडतो म्हणून चाललीय, की बाप हवाय म्हणून? — नाही नाही, मान हलवू नका! — आणि बाप हवा असला तर तिचं काय चुकलं? त्यांच्या वर्गात बसेल, वाद घालेल, दुपारी डबा त्यांच्याबरोबर खाईल, आणि संध्याकाळी मला काय सांगणार? ‘ठीक होतं.’ रोज त्यांचा आवाज ऐकून येणार ती, आणि मी — मला काय, मला कशाला ऐकायचाय मेला तो आवाज!

फोन वाजतोय. एक मिनिट हं.

हॅलो. हो गं, कामातच आहे. — जा. अगं, जा म्हणतेय ना, रडतेस काय वेड्यासारखी? लहानपणापासून तुझाच विषय आहे तो. — छे, मी कशाला रडू, पावडर गेलीय नाकात. — आणि ऐक, ते भेटले तर खोकल्याचं विचार, गेला का म्हणावं. नाही, नको. मी विचारलंय असं नको सांगूस, तूच आपली विचार. पण घरी आल्यावर सांग मला. — ठेवते.

टेका मागे, मॅडम. दुसरी भुवई राहिलीय. आणि आता प्लीज, काही बोलू नका.