मधली जागा

पोलादपूर स्टँडवर महाडच्या एस.टी.ची वाट बघणाऱ्या सारिकाच्या कानावर मागच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

"आपला विनीत म्हनतो, जुन्या शेवरोले ट्रकातला पुढचा लांब बाक काढू, दोन खुर्च्या बसवू."

"नि मी कुठं बसू? चालवायला तुमी, खिडकीशी कीर्तनाचे बुवा."

"तू मागं हौद्यात, टाळकऱ्यांसंगती."

"मग रस्ताभर बुवांच्या मागं ध्रुपद कोन धरनार? दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर अमेरिकावाल्यांनी गिअर स्टिअरिंगला लावला, मधल्या मानसाचे गुडघे मोकळे राहतात, हे तुमीच सांगायचात ना?"

"वरातीत तर ह्याच गाडीत खिडकीला चिकटून बसलीवतीस गो!"

"मधी तुमची आय होती!"

"बरं बाय, नाय काढत बाक. विनीतला सांगतो."

एस.टी. आली. आत तिघांचा एक बाक रिकामा होता.

"पोरी, तू खिडकीला बस," आजी सारिकाला म्हणाली. "मधी मी."