ठकीचा आकडा

१९५५ च्या उन्हाळ्यात बारामतीच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभा होतो. पुढं कन्हेरीची एक बाई कारकुनाशी बोलत होती.

"साहेब, मेंदूच्या तापाच्या कागदावर माझ्या ठकीचं नाव हाय. त्येवढं खोडा."

"का हो, छबूबाई?"

"बरी झाली पोरगी! मान लाकडावानी ताठली हुती. काल उठून बसली, भाकरी मागितली."

"वा! पण कागद पुण्याला गेला. तिथून मुंबई, दिल्ली, मग परदेशात जिनिव्हाला."

"आगं बया! तितं कशाला?"

"साऱ्या जगाचे आकडे तिथं जमवतात. कुठल्या देशात हा ताप किती जणांना झाला, ते त्यावरून कळतं."

"दुसऱ्या मुलखातबी हाय व्हय ह्यो?"

"आफ्रिकेत तर कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत हजारोंना होतो."

"हजारोंना... त्या लेकरांच्याबी माना आशाच ताठत्यात?"

"अशाच."

"अन् त्यांच्यात माझी ठकी हाय?"

"नाव जात नाही, बाई. नुसता एक आकडा."

"आसू द्या. येवढ्या लांब कुणीतरी मोजली माझ्या लेकीला! मंग खोडू नगा. पर ती जगली, ह्येबी कळवा."

"बरे झालेल्यांचा रकाना निराळा असतो. पुढच्या कागदात लिहीन."

"आत्ताच लिवा. मी हुबी हाय."

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. रांगेत कुणीच घाई केली नाही.

"लिहिलं. बरे झाले, एक."

"आता त्या आफ्रिकेतल्या आयांना कळंल, ह्यातनं लेकरू उठतंय म्हणून."